नाकानोत ‘तिसाव्या वर्षाचं’ गंडम किट दिसलंय, ४,२०० येन द्यावेत का?

निशिकासाईकर

मंडळी, मला यातलं फारसं कळत नाही हे आधीच सांगून टाकतो, नंतर हसू नका. तोक्योत चार वर्षं झाली, राहायला निशिकासाईला, म्हणजे खाली उतरलं की आपलीच माणसं. सांगलीचा भाचा बारावी झालाय, दिवाळीला घरी येतोय म्हटल्यावर त्याचा एका ओळीचा मेसेज, "मामा, तिसाव्या वर्षाचा गंडम आण". बस. कसला तिसावा, कुठला, काही नाही. गंडम म्हणजे जपानी कार्टून मालिकेतला महाकाय यंत्रमानव, त्याची जोडायची प्लास्टिकची किटं मिळतात, एवढंच मला ठाऊक.

शनिवारी नाकानो ब्रॉडवेला गेलो होतो, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर जुन्या खेळण्यांची दुकानं आहेत ना तिकडे. एका काचेच्या कपाटात वरच्या फळीवर आरएक्स-७८-२ चं, म्हणजे मूळ गंडमचं, आरजी (रिअल ग्रेड) किट होतं, १/१४४ मापाचं. दुकानदाराला विचारलं हा तिसाव्या वर्षाचा का, तर तो "हाय हाय, सान्जुश्शूनेन" म्हणाला आणि हातमोजे घालून डबा खाली काढला. हातमोजे बघूनच मी निम्मा गार. किंमत ४,२०० येन. डब्याच्या एका कोपऱ्याला चेप आहे, कडेला कुठल्यातरी दुकानाचं जुनं २,६२५ येनचं स्टिकर तसंच आहे, किट काढणाऱ्या बांदाई कंपनीचा लोगो लाल. वर चिठ्ठी, ती फोनवर वाचून घेतली तर ‘मिकुमिताते, उचिबुकुरो मिकाइफू, हाको-इतामी’ असं काहीतरी.

आता माझे प्रश्न. एक म्हणजे जुनं २,६२५ चं स्टिकर असलेल्या गोष्टीला ४,२०० का द्यायचे, तिसावं वर्ष म्हणून? दुसरं म्हणजे साध्या दुकानात याचंच नवं व्हर्जन २.० म्हणून ३,८५० ला आहे, मग तेच का नको? आणि दुकानात उभं राहून माझ्यासारख्या अडाण्याने नेमकं तपासायचं काय? मी आजवर दोन एंट्री ग्रेड (नवशिक्यांची सोपी किटं) जोडलेत, तेही निपर, म्हणजे तुकडे कापायची पक्कड, न वापरता, कारण त्याला लागतच नाही.

झाकू_आणि_चहा

निशिकासाईकर, आधी भाच्याला फोन लावा. खरंच सांगतो. कारण तिसावी वर्षं दोन आहेत आणि सगळा घोळ तिथेच आहे.

मालिका टीव्हीवर आली ७ एप्रिल १९७९ ला, नागोया टीव्हीवरून. तोमिनोंचं दिग्दर्शन, ओकावारांचं यंत्रांचं डिझाईन. तेव्हा कोणी बघेना, ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ भागांत गुंडाळली, जानेवारी १९८० मध्ये बंद. आणि पहिलं प्लास्टिकचं किट आलं ते त्यानंतर, जुलै १९८० मध्ये, ३०० येनला. म्हणजे मालिकेचा वाढदिवस एका साली आणि किटचा पुढच्या साली. त्यामुळे दर पाच-दहा वर्षांनी दोन-दोन सोहळे होतात, आणि विकणारे (आणि आपण घेणारे पण) दोन्हीची खिचडी करतात. तुम्ही बघितलेलं आरजी हे २०१० चं, म्हणजे *किटच्या* तिसाव्या वर्षाचं. दुकानदार खोटं बोलला नाही. पण भाच्याच्या डोक्यात कुठलं तिसावं आहे ते त्यालाच माहीत.

आता किमतीचं. ते २,६२५ चं स्टिकर फार कामाचं आहे, उखडू नका. किटची छापील किंमत २,५०० येन होती. जपानात विक्रीकर १९९७ ते मार्च २०१४ पाच टक्के होता, मग आठ झाला, २०१९ पासून दहा. २,५०० वर पाच टक्के म्हणजे बरोब्बर २,६२५. म्हणजे हा डबा जुलै २०१० ते मार्च २०१४ मध्ये कधीतरी दुकानात लागला होता. लाल लोगो पण त्याला जुळतो, २०१८ ला बांदाई स्पिरिट्स वेगळी कंपनी झाल्यावर डब्यांवर निळा लोगो यायला लागला. तर जुना आहे हे खरं, पहिल्या लॉटचाच आहे असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

आणि मुख्य मुद्दा हा की जुना असून उपयोग काय? साचा तोच. बांदाई हे किट पुन्हा पुन्हा काढते, निळ्या लोगोच्या डब्यात जे प्लास्टिक असतं ते त्याच साच्यातलं असतं. डब्यावरचं ‘तिसावं वर्ष’ हे काही नोटेवरच्या गव्हर्नरच्या सहीसारखं नाही की पुढे बदलली म्हणून भाव चढला. नवं कोरं २,७५० ला मिळत असेल तर वरचे १,४५० तुम्ही चेपलेल्या कोपऱ्याचे देताय.

या कंपनीचं एक मात्र मानावं लागतं. वर्धापनाच्या किटमध्ये नुसता सोनेरी शिक्का मारून गप्प बसत नाहीत. १९९० ला दहावं वर्ष, तेव्हा पहिलं एचजी (हाय ग्रेड) आलं, एकाच रनरवर (तुकडे धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीवर) चार रंगांचं प्लास्टिक, रंगवायची गरज नाही, गोंद नाही. १९९५ ला पंधरावं, पहिलं मास्टर ग्रेड. २०१० ला तिसावं, पहिलं आरजी. २०२० ला चाळिसावं, पीजी (परफेक्ट ग्रेड) अनलीश्ड, छापील किंमत २५,००० येन. म्हणजे बघा, प्रत्येक वेळी तोच पांढरा-निळा-लाल गडी, पण त्याच्या अंगावर कंपनी नवं तंत्र करून बघते. वर्धापनाचं किट म्हणून काही बघायचंच असेल तर हे बघायचं, ते तंत्र जमलंय का आणि आज ते जोडायला मजा येते का.

(माझा एक मित्र अजून स्पेलिंग वाचून ‘गुंडम’ म्हणतो. मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.)

निपरताई

वर चहावाल्यांनी हिशोब मस्त मांडलाय, मी जोडण्याचं सांगते कारण मी ते किट जोडलंय, २०११ मध्ये, डोंबिवलीच्या घरी, पंखा बंद करून. पंखा चालू ठेवून आरजी जोडायचं नसतं हे पहिल्या तासात कळलं, कपाळावरचा एक तुकडा उडून कपाटाखाली गेला आणि त्यासाठी आम्ही कपाट हलवलं.

उंची किती, तर साडेबारा सेंटिमीटर. खरा (म्हणजे गोष्टीतला) १८ मीटर, भागिले १४४. चहाच्या मगापेक्षा बोटभर उंच धरा. आणि एवढ्याशा अंगात त्यांनी आत पूर्ण सांगाडा दिलाय. डबा उघडला की एक रनर असा असतो ज्यावर पाय, हात, कंबर आधीच जुळलेले असतात, दोन वेगवेगळी प्लास्टिकं एकाच साच्यात ओतून. निपरने पाय कापून हातात घेतला आणि गुडघा वाकवला तर *वाकला*. मी काहीच जोडलं नव्हतं अजून! तो क्षण मला आजही आठवतो, मी नवऱ्याला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं, तो "हं" म्हणाला आणि कुकरकडे परत गेला.

मग त्या सांगाड्यावर चिलखत चढवत जायचं. पांढरा रंग पण एकच पांढरा नाही, नीट बघितलंत तर मांडीवर, पोटरीवर थोडी वेगळी छटा आहे, त्यामुळे न रंगवता पण तो खेळण्यासारखा दिसत नाही, पत्रे ठोकून केलेल्या यंत्रासारखा दिसतो. वर बारीक बारीक डेकल (चिकटवायच्या खुणा), काही चमकणारे. चिमटा लागतो. नखाने लावायला गेलात की संपलं.

आता खोट सांगते. हे तंत्राचं पहिलंच किट, त्यामुळे चिलखताचे तुकडे सांगाड्यावर नुसते टेकलेले वाटतात, पोज बदलायला गेलं की एखादा हातात येतो. सांधे पहिल्या वर्षी छान होते, मग मी सारखी पोज बदलायची त्यामुळे कंबर सैल पडली. माझाही हात जड आहे म्हणा. सांध्याच्या गोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात देऊन पूर्ण वाळवायचं आणि मग बसवायचं, घट्ट होतो, पण फेविक्विक लावायला जाऊ नका, मी गेले होते, उजवा खांदा आता कायमचा सलाम ठोकून आहे.

अजून एक, भाच्याला आवर्जून सांगा. त्या सांगाड्याच्या प्लास्टिकवर एनॅमलची पॅनल लाईन शाई (अंगावरच्या खाचा भरून रेघा उठवायची) ओतू नको. पांढऱ्या चिलखतावर चालते, तीही सुटा तुकडा हातात धरून, थोडीशी. पण जोडलेल्या, ताण असलेल्या सांध्यात ती शाई झिरपली की प्लास्टिक तडकतं, आणि लगेच नाही, दोन दिवसांनी सकाळी उठून बघावं तर पाय वेगळा. टोकदार मार्कर वापरायचा, तो बरा.

व्हर्जन २.० बद्दल: जोडायला ते जास्त सुखाचं, सांगाडा सुटे भाग जोडून होतो, उभा भक्कम राहतो. पहिल्यांदा आरजी जोडणाऱ्या पोराला मी तेच देईन. पण जुन्यात तो ‘अरे वाकला!’ क्षण आहे, तो नव्यात नाही.

पेटीबंद_पाटील

सगळे जोडायच्याच गोष्टी का करताय? माझ्याकडे छत्तीस डबे आहेत, एकही उघडलेला नाही. आतल्या पिशव्या सीलबंद, जुना लाल लोगो, जुनं किमतीचं स्टिकर, हे सगळं मिळून एक वस्तू असते. ४,२०० काही जास्त नाहीत. उघडलं की संपलं सगळं, मग ते प्लास्टिकच.

झाकू_आणि_चहा

पाटील, ते आधीपासून प्लास्टिकच आहे हो.

पेटीबंद_पाटील

तुमच्यासाठी.

अडगळीतला_आजोबा

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. १९८१ मध्ये आमच्या कंपनीने मला आणि अजून दोघांना नागोयाला ट्रेनिंगला पाठवलं होतं, आठ महिने. मशीन टूल्सचं काम. खाणाखुणांनी बोलायचं, भात आणि सोबत नेलेलं लोणचं. तिथे रविवारी बाजारात गेलं की खेळण्यांच्या दुकानाबाहेर पोरांची ही रांग. मला वाटलं शाळेची पुस्तकं वगैरे मिळतायत. पुढे जाऊन बघतो तर हे किट. आमच्या फोरमनचा मुलगा त्या रांगेत असायचा, त्यानेच मला एक मिळवून दिलं, ३०० येन. तुम्ही म्हणताय ते पहिलंच असणार, कारण डब्यावर भाव तोच होता.

नाशिकला येऊन मुलाबरोबर बसलो. तुमच्यासारखं टक्कन बसणारं नव्हतं ते. सगळं पांढरं प्लास्टिक, सोबत गोंद, आणि रंग आपले आपण. आता १९८२ साली नाशकात मॉडेलचा रंग कुठून आणणार? निळ्यासाठी पोस्टर कलर वापरला, तो वाळल्यावर पापुद्रे निघाले, प्लास्टिकवर तो धरतच नाही हे तेव्हा कळलं. लाल पाय मात्र झकास झाले कारण ते सौ.च्या नेलपॉलिशने केले होते. तिची परवानगी नंतर घेतली. गोंद जरा जास्त झाला त्यामुळे डावा गुडघा तेव्हापासून सरळच, पण त्या किटचा गुडघा तसाही फार वाकायचा नाही.

अजून आहे, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, एक हात कुठेतरी गेला. मुलगा आता पन्नाशीला आला, घरी आला की डबा उघडून बघतो आणि ठेवून देतो. निपरताईंनी लिहिलं ना की कापल्या कापल्या गुडघा वाकला, ते वाचून मी दोनदा वाचलं. तीस वर्षांत तेवढा फरक पडला म्हणायचा.

पाटील, रागवू नका, पण माझं किट मी न उघडता ठेवलं असतं तर आज माझ्याकडे फक्त एक डबा असता.

निपरताई

आजोबा फोटो टाका ना प्लीज, नेलपॉलिशच्या पायांचा!!

निशिकासाईकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, आजोबांना तर जास्तच. ऑफिसमधून सुटल्यावर काल परत नाकानोला जाऊन आलो. दुकानदाराने ओळखलं. आतलं दाखवा म्हटलं तर न कुरकुरता दाखवलं, परत हातमोजे. पिशव्या सगळ्या बंद आहेत, डेकलचा कागद किंचित पिवळट वाटला, का दुकानातला दिवाच तसा होता कळेना. माहितीपुस्तिका आहे. त्या चिठ्ठीचा अर्थ कोणी सांगेल का नीट? आणि तपासायचं अजून काय राहिलं?

शिवाय इकडून नेताना कस्टममध्ये अडवतात का? ऑफिसातला एक जण म्हणाला खेळण्यांवर सत्तर टक्के लावतात. थट्टा करत असेल.

झाकू_आणि_चहा

चिठ्ठी सोपी आहे. मिकुमिताते म्हणजे न जोडलेलं. उचिबुकुरो मिकाइफू म्हणजे आतल्या पिशव्या फोडलेल्या नाहीत. हाको-इतामी म्हणजे डब्याला मार लागलाय. जपानी जुन्या दुकानांचं हे मला फार आवडतं, डब्याचा कोपरा चेपला तरी चिठ्ठीवर लिहितात. आपल्याकडे मी एका ऑनलाईन विक्रेत्याकडून ‘एकदम नवं’ म्हणून मागवलं होतं, आलं त्यात डोकंच नव्हतं. फोन केला तर म्हणतो सर, बाकी सगळं तर आहे ना.

पिशव्या बंद असतील तर भाग कमी असायची भीती जवळपास गेली. तरी पुस्तिकेत पुढे सगळ्या रनरचं चित्र असतं, ए, बी, सी अशी अक्षरं असलेलं, ते आणि पिशव्या ताडून बघा. कपाळावरचा तो व्ही आकाराचा ॲन्टेना बघा, डबा चेपलाय म्हणजे दाब कुठे गेला ते कळतं. पिशवीतून दिसतो. आणि डेकल. इतकी वर्षं झालेल्या डेकलचा चिकटपणा जातो, कोपरे उचलायला लागतात, हे खरं नुकसान आहे आणि ते डबा बंद ठेवून टळत नाही. पाटील, हे तुमच्यासाठी पण आहे, छत्तीस डब्यांतले डेकल आतल्या आत म्हातारे होतायत.

सत्तर टक्के ही थट्टा नाही. २०२० ला वीसवरून साठ केले, २०२३ च्या बजेटला सत्तर. वर बाकीचे आकार. म्हणूनच इथल्या दुकानात भाव ऐकून माणूस खुर्ची शोधतो. पण तुम्ही स्वतः सामानातून एक-दोन किट आणताय, ते प्रवाशाच्या ड्युटी-फ्री मर्यादेत बसतं, त्याची काळजी नको. बिल जवळ ठेवा.

निपरताई

बॅगेत ठेवताना डब्याच्या *आत* रिकाम्या जागेत मोजे भरा आणि बाहेरून पण कपडे. चेप बाहेरून येते पण तुटतं आतून. निपर घेतलात तर तो चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये नेलात तर काढून घेतील. टॉपकोटचा (शेवटी वरून मारायच्या पारदर्शक लेपाचा) स्प्रे आणि एनॅमलची बाटली अजिबात घेऊ नका, पेट घेणारं सामान, कुठल्याच बॅगेत चालत नाही. माझा एक मॅट टॉपकोट असाच विमानतळावरच्या कचऱ्यात गेलाय आणि मी तो त्या दिवशीच घेतला होता, सील पण फोडलं नव्हतं.

आणि भाच्याला फोन केलात का??

निशिकासाईकर

नाही हो, सरप्राईज द्यायचं होतं.

झाकू_आणि_चहा

अहो त्यानेच मागितलंय, सरप्राईज कसलं. करा फोन.

निशिकासाईकर

केला फोन. आता ऐका.

साहेबांना आरजी नकोच आहे! म्हणतो, "मामा, ओदाइबाला तो खरा उभा केला होता ना, अठरा मीटरचा, तो. त्याच्यावरून केलेलं किट". मी म्हटलं तिसाव्या वर्षाचं ना? तर "हो, जी तीसावा, डब्यावर लिहिलेलं असतं". मी म्हटलं अरे आरजी म्हणजेच तिसावं. तो म्हणाला ते *किटचं* तिसावं. म्हणजे सांगलीच्या पोराला माहीत होतं आणि मी तोक्योत बसून ढिम्म.

झाकू_आणि_चहा

सांगितलं होतं की नाही!

मग ते ‘एचजी व्हर्जन जी-थर्टीएथ’. २००९ चं, मालिकेच्या तिसाव्या वर्षाचं. त्या उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, तोक्योतल्या ओदाइबाच्या शिओकाझे बागेत १८ मीटरचा पुतळा उभा केला होता आणि त्या पुतळ्याच्या अंगावरच्या पॅनलच्या रेघा, खुणा घेऊन १/१४४ मध्ये हे काढलं. तोच पुतळा पुढच्या वर्षी हिगाशी-शिझुओका स्टेशनजवळ नेला. बांदाईचा किटचा कारखाना शिझुओकालाच आहे, म्हणजे माहेरी गेल्यासारखं. आणि तुमचं आरजी आलं ते बरोबर त्याच २०१० च्या जुलैत, त्यानेही पुतळ्याच्या अंगावरचे तपशील उचललेत, त्यामुळे भाच्याला दोन्ही दिसायला सख्खी भावंडं वाटतील. पण पुतळ्याची *आठवण* म्हणून काढलेलं ते एचजीच.

आज ओदाइबाला गेलात तर हा दिसणार नाही बरं का, तिथे २०१७ ला युनिकॉर्न नावाचा दुसरा गंडम उभा केला. योकोहामाला हलणारा पुतळा होता, डिसेंबर २०२० ते मार्च २०२४, तो पण बंद झाला. म्हणजे पोराने बरोबर ते मागितलंय जे आता जाऊन बघता येत नाही.

मूल्यमापन म्हणाल तर एचजी म्हणून ते साधं आहे. आरजीसारखा आत सांगाडा नाही, तुकडे कमी, एका बैठकीत होतं. जोडायच्या थरारासाठी घ्यायचं नाही. ते शेल्फवर सरळ उभं करायचं, दोन्ही हात खाली, हत्यार न देता, पुतळा होता तसं. मान थोडी वर. मग त्याच्या पायाशी मुंगीएवढी माणसं असती तर कशी दिसली असती हे डोक्यात येतं, आणि तेवढ्यासाठी ते किट आहे.

निपरताई

+१. त्याच्या पॅनलच्या रेघा नुसत्या राखाडी मार्करने भरल्या आणि वर मॅट टॉपकोट दिला तरी पुरे होतं. काळ्याने भरू नका, पांढऱ्यावर काळी रेघ म्हणजे पेनाने चौकटी मारल्यासारखं दिसतं. टॉपकोट सांगलीत, नाहीतर पुण्यात बघावा लागेल. आणि पावसाळी हवेत मारायचा नाही, वर पांढरी धूळ बसल्यासारखं होतं, कोरडा दिवस बघून मारायचा. दिवाळीत हवा चांगली असते.

अडगळीतला_आजोबा

फोटो मुलगा रविवारी आला की टाकतो, मला मोबाईलवरून इथे चढवता येत नाही. भाचा हुशार आहे तुमचा. कुठलं हवं ते ठाऊक आहे आणि का हवं तेही.

निशिकासाईकर

शेवटचा रिपोर्ट देतो.

आज परत नाकानो. दुकानदार आता मला नावाने हाक मारेल. जी-थर्टीएथ आहे का विचारलं तर हसला आणि खाली बसला, त्याच कपाटाच्या *सगळ्यात खालच्या* फळीवरून काढलं, हातमोजे न घालता. मी दोनदा त्याच कपाटासमोर उभा राहिलो होतो आणि खाली वाकून बघितलं नव्हतं. डबा पार उन्हाने उडालेला, एका बाजूचा निळा रंग जांभळट झालाय, झाकणाला टेप. चिठ्ठीवर ‘हाको-इतामी’ आहेच, पण पुढे अजून एक शब्द आहे, दुकानदार म्हणाला म्हणजे ‘बराच’. आत पिशव्या बंद. झाकूसाहेब म्हणाले तसं पुस्तिका काढून रनर ताडले, ॲन्टेना बघितला, शाबूत. स्टिकरचा कागद पांढरा स्वच्छ आहे.

१,६०० येन.

उरलेल्या पैशांत निपर घेतला आणि राखाडी मार्कर. मोजे घरचेच आहेत.

भाच्याला फोटो पाठवला तर त्याने डब्याबद्दल एक शब्द काढला नाही, लगेच विचारतो "मामा, तू तिथेच जोडून नको आणू हं".

पेटीबंद_पाटील

अभिनंदन. बरं, तो ४,२०० वाला अजून आहे का तिथे?